छत्तीस रुमाल

१४ जुलै, सोमवार

प्रिय आई,

साष्टांग नमस्कार. मी इथे मजेत आहे, तुम्ही सगळे तिकडे मजेत असाल. हाताला सवय आहे म्हणून हे वाक्य लिहून गेलो. खोडत नाही, कारण खाडाखोड केलेलं पत्र बाबांना आवडत नसे.

प्रवास नीट झाला. डबा पुरला. वसतिगृहात यंदा खिडकीजवळची कॉट मिळाली आहे, गादी मात्र कुठल्या तरी बुटक्याची आहे, पाय बाहेर येतात. चिमणीला सांग, तिने दिलेला खोडरबर मी कुणालाही हात लावू देत नाही.

मामाने दिलेलं पत्र पोचल्या पोचल्या हेडसरांना दिलं. ते वाचून त्यांनी चष्मा काढला आणि पुसून परत लावला. मग शनिवारी सकाळी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेने बाबांसाठी दोन मिनिटं मौन पाळलं. सहाशे मुलं होती आई, पण झेंड्याची दोरी काठीवर आपटते तेवढाच काय तो आवाज. आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या डोळ्यांत पाणी होतं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्याकडे चार दिवस राहून गेलेला माझा मित्र, ज्याला आम्ही वकील म्हणतो, तो आठवतो ना, तो तर शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता. बिचाऱ्याकडे रुमालही नव्हता. नंतर एकेकाने येऊन माझा हात हातात घेतला.

तेव्हा तू माझी काळजी करू नकोस. इथे सगळे मला फार सांभाळून घेतात. दुकानात उभ्याने शिवू नकोस, पाय सुजतात.

तुझा लाडका


१४ ऑगस्ट, गुरुवार

आई,

नमस्कार. तुझं पत्र काल दुपारी मिळालं. रविवारी सकाळच्या गाडीने येतेस, चिमणीला मामीकडे ठेवतेस, आणि दुकानात उरलेल्या पडद्याच्या कापडाचे आणखी चोवीस रुमाल बेतून ठेवले आहेस, शेजारच्या तुकडीतल्या मुलांसाठी. सगळं नीट वाचलं.

हे पत्र मी पीटीच्या सरांच्या हाती देतो आहे. ते उद्या झेंडावंदन आटोपून तिकडेच जाणार आहेत, म्हणजे तू निघायच्या आत तुला मिळेल. पाकिटात तुझ्यासाठी गाडीच्या वेळा लिहिल्या आहेत असं मी त्यांना सांगितलं आहे.

माझी तब्येत बरी आहे. गणितात पंचवीसपैकी बावीस मिळाले. न्हाणीघरातला तिसरा नळ एकदाचा दुरुस्त झाला. नवे रेक्टर जेवताना प्रत्येकाच्या पानात डोकावतात आणि टाकलेल्या घासावर भाषण देतात. एवढं भाषण ऐकून ताटातलं राहिलेलंही घशाखाली उतरत नाही.

बस झालं. रुमाल शिवू नकोस. शिवले असलेस तर आणू नकोस.

जुलैच्या पत्रात मौनाबद्दल मी जे लिहिलं होतं ते सगळं खोटं होतं. मामाचं पत्र मी हेडसरांना दिलंच नाही. गाडीतून उतरल्यावर फलाटावरच त्याचे तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. शाळेत कुणालाच माहीत नव्हतं, वकिलालासुद्धा नाही. सुट्टी कशी गेली असं विचारलं तेव्हा मी म्हणालो, मस्त. बाबा काय म्हणतात असं वकिलाने विचारलं तेव्हा म्हणालो, आहेत आपले वजनकाट्यांत डोकं घालून.

तुला पत्र लिहिताना वाटलं, मौन झालं म्हणून कळवलं की तुझ्या जिवाला बरं वाटेल आणि विषय संपेल. अश्रू मी उगाच वाढवले. रुमाल नव्हता हे तर लिहिण्याच्या ओघात आलं. पण कुणी साधं दार उघडून धरलं तरी त्याला चहाला बोलावणारी बाई आपली आई आहे, ती त्या एका वाक्यावर वर्गातल्या छत्तीस मुलांना छत्तीस रुमाल शिवेल, चारही बाजूंनी बारीक टीप घालून, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही.

मामाचं पत्र का फाडलं हे सांगायचं तर इथली पद्धत सांगायला हवी. घरी आल्यावर मी ती कधीच सांगितली नाही.

कुणाच्या घरचं कुणी वारलं की शाळा दोन मिनिटं मौन पाळते. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला झेंड्याच्या चौथऱ्यावर हेडसरांशेजारी उभं करतात, सगळ्या शाळेकडे तोंड करून. आपल्यामागे सहाशे जण आहेत हे त्याला दिसावं, असं हेडसर म्हणतात. मग ते गेलेल्या माणसाबद्दल चार वाक्यं बोलतात, आणि डोळे मिटतात. ते खरंच मिटतात. मागे उभे असलेले शिक्षक माना खाली घालतात. आणि खाली मुलांचा खेळ सुरू होतो.

खेळ सोपा आहे. जागा सोडायची नाही, आवाज करायचा नाही, आणि दुसऱ्याला हसवायचं. गाल फुगवायचे, डोळे तिरळे करायचे, पुढच्याच्या पाठीवर बोट फिरवायचं. जो हसला तो फुटला. फुटलेल्याने आठवडाभर सगळ्यांची ताटं उचलायची. पहिल्या वर्षी आमच्यात एक मुलगा होता, तो मौनात डोळे मिटून खरोखर गप्प उभा राहायचा. त्याला सगळे महाराज म्हणायला लागले. तो संडासात निघाला तरी दोन्ही बाजूंना रांग करून हात जोडायचे. दिवाळीची सुट्टी लागली, तो घरी गेला आणि परत आलाच नाही. त्या रांगेत मीही होतो.

तीन वर्षांत मी अकरा मौनं उभा राहिलो आणि एकदाही फुटलो नाही. म्हणून मला खांब म्हणतात. उंचीमुळे म्हणतात असं मी तुला सांगितलं होतं, आणि तू ते हौसेने शेजारणीला सांगितलं होतंस.

मी फुटत नसे, पण फोडत असे. माझा मासा प्रसिद्ध होता. गाल आत ओढायचे, ओठ पुढे काढायचे, डोळे न हलवता तोंड उघड-मीट करायचं. गेल्या वर्षी वर्गातल्या ढब्बूची मोठी बहीण गेली. ढब्बू हे त्याचं इथलं नाव, का ते तुला त्याला बघताच कळेल. तो चौथऱ्यावर उभा होता. मी तिसऱ्या रांगेत होतो. त्याच्यावर मासा चालवून दाखव अशी पैज लागली. खालच्यांवर चालवण्यात आता मजा उरली नव्हती. मी चालवला. सव्वा मिनिट तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्याच्या नाकातोंडातून एकदम काहीतरी आवाज निघाला आणि शेंबूड शर्टावर आला. हेडसरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं, हुंदका. आम्ही ठरवलं, फुटला. ढब्बू बहिणीवर फुटला, हे इथे अजून म्हणतात. तो हसला होता की काय झालं होतं, हे कुणी विचारलं नाही. त्याने आठवडाभर ताटं उचलली. माझंही उचललं.

आता तूच सांग, मी बाबांचं नाव त्या मैदानात घेऊ दिलं असतं का? मला एवढंच हवं होतं की ते नाव यांच्या तोंडी येऊ नये. बाकी काही मला सुचतच नव्हतं. रडूही येत नव्हतं, अजून आलेलं नाही. फक्त ते नाव तिथे जाऊ द्यायचं नाही, हे एकच काम मी माझ्याकडे घेतलं होतं, आणि ते माझ्याच पत्रामुळे बुडालं.

तुझं पार्सल जुलैच्या शेवटी थेट हेडसरांकडे पोचलं. त्यांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर रुमालांची चळत होती, निळ्या फुलांची, पिवळ्या रेघांची, आणि त्या हिरव्या कापडाचे चार, जे आपल्या पुढच्या खोलीच्या पडद्याचं आहे. ते तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचत होते.

"कसलं मौन रे?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. खेळ सोडून. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "एकट्याने का सोसायचं, बाळ? शाळा आहे ना आपली. शुक्रवारी करू आपण."

"सर, नको."

"लाजायचं नाही यात."

"सर, खरंच नको. मी हात जोडतो."

"मला तुझी अडचण कळते," ते म्हणाले. त्यांना काहीच कळत नव्हतं. इतका चांगला माणूस आणि इतका मठ्ठ, असं माझ्या मनात आलं. तू रागावशील, पण आलं. मी तुला खोटं लिहिलं हे ते तुला कधीच कळवणार नाहीत, असंही त्यांनी मला वचन दिलं, आणि ते पाळलं. म्हणून तुला आलेल्या त्यांच्या पत्रात फक्त एवढंच होतं की मुलांनी तुमच्या रुमालांनी डोळे पुसले.

ते काय पुसत होते ते आता ऐक.

शुक्रवारी सकाळी मला चौथऱ्यावर उभं केलं. रुमाल आदल्या दिवशीच वर्गात वाटले होते. हेडसर चार वाक्यांऐवजी दहा बोलले. बाबा दुकानोदुकानी जाऊन वजनकाटे दुरुस्त करत, एका ग्रॅमचाही फरक खपवून घेत नसत, असा माणूस समाजाला हवा असतो. बोलले चांगलं. मग त्यांनी डोळे मिटले.

आई, वरून सगळं दिसतं.

हे मला तीन वर्षांत माहीत नव्हतं. खाली उभं राहिलं की वाटतं, आपण गर्दीत आहोत, पुढे कुणाचं तरी डोकं आहे, कुणाला काय कळणार. चौथरा तीनच पायऱ्यांचा आहे, पण तिथून प्रत्येक तोंड वेगळं दिसतं. सहावीतल्या पोरांचे फुगलेले गाल दिसतात. आठवीतला एकजण पुढच्याच्या कॉलरमध्ये कागदाचा बोळा सोडत होता तो दिसला. म्हणजे ढब्बूनेही पाहिलं होतं. त्याच्या आधी उभ्या राहिलेल्या दहाही जणांनी पाहिलं होतं, आणि त्यातला एकही जण खाली उतरून बोलला नव्हता. उतरला, रांगेत शिरला आणि पुढच्या मौनात गाल फुगवायला लागला. ढब्बूसुद्धा. तो पहिल्या रांगेत होता आणि सगळ्यांत जास्त तोंड वेडंवाकडं करत होता, घाम येईपर्यंत.

आमच्या वर्गाने रुमाल तोंडावर धरले होते. जवळजवळ सगळ्यांनी. शिक्षकांना वाटलं रडताहेत. खांदे हलत होते ना. कुणी रुमालाचा कोपरा नाकात घालून ओढत होतं, कुणी पिळून पाणी काढल्याचं नाटक करत होतं. आपल्या पुढच्या खोलीचा पडदा एकाने दोन्ही हातांत धरून हळूहळू बाजूला सारला आणि मागून जीभ काढली.

वकील मधल्या रांगेत होता. त्याला बाबा आवडायचे. सुट्टीत त्याला बाबांनी पितळेची वजनं हाताळायला दिली होती, दुसऱ्या कुणाला ते बोट लावू देत नसत. त्याने रुमाल खिशात ठेवला होता आणि तो गंभीर होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो. म्हटलं, हा एक आहे. मग त्याच्या शेजारच्याने त्याला कोपर मारलं. मागच्याने मारलं. वकिलाने दोन्ही हात कमरेपाशी आणले, तळवे वर केले, आणि एक तळवा वर, एक खाली, मग हा वर, तो खाली, असा काटा केला. चिमणी जास्त लाडकी की मी, असं विचारलं की बाबा करायचे अगदी तसा. शेवटी बाबा करायचे तसे दोन्ही तळवे एका पातळीत आणून त्याने भुवयाही उडवल्या.

आणि मी हसलो.

मला इथे लिहिता आलं असतं की बाबा आठवले म्हणून हसलो. तू मानलंही असतंस, आणि कदाचित डोळे पुसून सगळ्यांना सांगत सुटली असतीस. पण तसं नव्हतं. ते विनोदी होतं म्हणून मी हसलो. मोठ्याने, दात काढून. बाबांचं नाव घेऊन अर्धं मिनिटही झालं नव्हतं. हेडसरांनी डोळे न उघडताच माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताखालून मी आणखी थोडा हसलो.

याहून घाण पुढेच आहे. मौन सुटल्यावर सगळे माझ्याभोवती जमले. खांब पडला, खांब पडला, असं म्हणत पाठीत गुद्दे घालत होते. ताटं उचलायची शिक्षासुद्धा मला माफ केली, खास म्हणून. आणि मला बरं वाटलं, आई. गेल्या तीन महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. मी त्यांच्यात उभा राहून मघाशी वरून काय काय दिसलं ते सांगितलं, कोण कसा दिसत होता त्याची नक्कल केली, आणि ते सगळे हसले. मासाही करून दाखवला.

दुपारी जेवताना तोंडात घास फिरायला लागला. तेव्हापासून फिरतोच आहे. या मुलांची शिसारी येते, त्यांच्या टॉवेलच्या वासाची येते, आणि तोंड धुताना आरशात माझे आत ओढलेले गाल दिसले तरी येते.

वकिलाला मी दोन दिवसांनी धरलं. म्हटलं, "तुला बाबांनी वजनं दिली होती हातात."

तो म्हणाला, "मग मी काय करू? सगळे माझ्याकडेच बघत होते." थोडं थांबून म्हणाला, "आणि तू हसलास ना. तू हसला नसतास तर मला वाईट वाटलं असतं."

मी त्याच्या खिशातून तुझा रुमाल काढून घेतला.

तुझे रुमाल मी परत मागायला लागलो. काल संध्याकाळपर्यंत तेवीस मिळाले. एकाने सायकलची साखळी पुसली आहे, दोघांनी बूट. एक खिडकीच्या काचेला लावलेला होता, वाऱ्याने वाजते म्हणून. बऱ्याच जणांनी लगेच काढून दिले, मला वाटलं होतं हसतील. मी ते साबणाने धुतले आहेत. साखळीचा निघत नाही.

ढब्बूकडे सगळ्यांत शेवटी गेलो. तो कॉटवर बसून पेन्सिलीला टोक करत होता. मी रुमाल मागायला गेलो होतो, पण तोंडातून वेगळंच आलं. ज्या बाईसाठी मी दोन मिनिटं उभा होतो तिचं नाव मला आठवत नव्हतं. हेडसरांनी घेतलं असणार, मी तेव्हा गाल तयार करत असणार. मी म्हटलं, "तुझ्या बहिणीचं नाव काय होतं?"

त्याने माझ्या मागे बघितलं, दाराकडे. आणखी कोण आहे ते बघत होता.

"हे पण खेळातलंच का?" तो म्हणाला.

"नाही. खरंच विचारतोय."

"तुला नाही सांगणार."

मी मान हलवली. मग रुमाल मागितला. त्याने उशीखालून काढला, पिवळ्या रेघांचा, तू घातलेल्या घडीतच होता. मी हात पुढे केला, तर त्याने तो परत उशीखाली सारला. म्हणाला, "हा तुझ्या आईने दिलाय. तू नाही दिलास."

तर असं आहे. इथे तुला भेटण्यासारखं दुसरं कुणी नाही. रविवारी ये, मी येऊ नको म्हणत नाही. पण आत मुलांना भेटायला येऊ नकोस, आणि हेडसरांचे आभार मानू नकोस, मला ते ऐकवणार नाही. मी फाटकाबाहेर उभा असेन. हे सगळं वाचून झाल्यावर माझं तोंड बघावंसं वाटलं नाही तर परतीची गाडी साडेअकराला आहे, आणि मी तेवढा वेळ लांब उभा राहीन. बघावंसं वाटलं तर मात्र जवळ घ्यायच्या आधी एकदा विचार, काय केलंस म्हणून. कागदावर लिहिणं सोपं होतं. तुझ्यासमोर मला ते तोंडाने सांगायचं आहे, आणि सांगताना मी हसलो तर मला तिथेच सोडून जा.

बाबांवर हसलेला,
तुझा मुलगा